गर्भाशयमुखाचा कॅन्सर: गावात तपासणी घडवून आणायची तर

हा लेख डॉक्टरांसाठी नाही. बचत गटाची अध्यक्ष झालेली ताई, नुकतीच नेमणूक झालेली आशा, शाळेतल्या बाई, पुण्याहून गावी परतलेला आणि ‘काहीतरी करू’ म्हणणारा पोरगा, अशांसाठी आहे. यंदा आपल्या गावातल्या बायांची पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची हे ठरलंय, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, अशी तुमची गत असेल तर पुढं वाचा.

सुरुवात बहुतेक ठिकाणी बॅनरपासून होते. तारीख ठरते, पाहुणे ठरतात, मंडप पडतो, नारळ फुटतो, फोटो निघतात. महिन्याभरानं विचारावं की ज्या बायांचा निकाल संशयाचा आला त्या पुढं कुठं गेल्या, तर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझं पहिलं आणि खरं तर एकच सांगणं आहे: हे काम उलट्या टोकानं सुरू करा. निकाल पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कुठं न्यायचं, कोण नेणार, हे कागदावर आल्याशिवाय एकाही बाईला तपासणीला बोलावू नका.

आधी स्वतःपुरतं समजून घ्या

गर्भपिशवीचा खालचा, योनीमार्गात उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयाचं मुख. तिथं होणारा हा कॅन्सर. त्याचं कारण एचपीव्ही नावाचा विषाणू, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवून दिलं आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या विषाणूचे प्रकार पुष्कळ. त्यातल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या दोघांनीच जगातल्या साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जन्म दिलेला असतो.

विषाणू पसरतो शरीरसंबंधातून. संसारी बाईपुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपसूक निघूनही जातो. थोड्या बायांमध्ये तो ठाण मांडतो. मग मुखावरच्या पेशी हळूहळू बदलत जातात आणि कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या आणि औषध न घेणाऱ्या बाईत हाच काळ पाच-दहा वर्षांवर येतो.

ही पंधरा-वीस वर्षं म्हणजे आपल्या हातातली सवड. त्या काळात काही दुखत नाही, खुपत नाही, पण तपासलं तर बदल दिसतो आणि काही मिनिटांच्या उपचारानं तो काढता येतो. तरीही देशात दरवर्षी सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास बाया जातात, असा २०२२ चा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

आता आपल्या मराठवाड्याची एक गोष्ट, जी प्रत्येक बैठकीत सांगायला हवी. धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता. १९९९ पासून तिथल्या गावांचे ५२ गट करून, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यात होत्या. एका भागातल्या बायांची एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्या भागात पॅप, म्हणजे मुखावरच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत बघणं, तिसऱ्या भागात व्हीआयए, म्हणजे मुखावर आम्लाचं पातळ द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली. आठ वर्षांनी मोजलं, तर एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या होत्या आणि चौथ्या गटात ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. आयुष्यात फक्त एकदा झालेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरात त्यांचा आधार घेतला गेला. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढं टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण ज्या जिल्ह्यानं जगाला हे शिकवलं तिथल्याच बायांना आज त्याची खबर नसावी, याचं मला जास्त वाईट वाटतं.

१. शेवटचं टोक बांधून घ्या

वही काढा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, नाहीतर उपकेंद्रातल्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना. ३० वर्षांवरच्या बायांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करणं हा सरकारी कार्यक्रमच आहे. तुम्ही उपकार मागायला गेलेले नाही. तरी बोलताना नमतं घ्या, त्या माणसांच्या डोक्यावर कामाचे डोंगर असतात.

त्यांना हे विचारा. आपल्या केंद्रात व्हीआयए करायचं प्रशिक्षण कुणाला मिळालंय? बाई आहे का? आठवड्यातला कोणता दिवस त्यांना सोयीचा? संशय आला तर बाईला कुठं पाठवता, ग्रामीण रुग्णालयात की थेट सिव्हिलला? तिथं दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोल्पोस्कोपी, कोणत्या वारी असते? पेशी जाळून काढायचं यंत्र तिथं आहे का, चालू आहे का? शेवटचे तीन शब्द मुद्दाम विचारा.

पुढची मोठी ठिकाणंही लिहून ठेवा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सर पक्का झाल्यावरच्या उपचाराला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. भूम-परांड्याकडच्यांना बार्शी जवळ पडते. या बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी ती पहिली.

मग हिशेब मांडा. धाराशिवच्या त्या अभ्यासात व्हीआयए केलेल्या शंभरातल्या साधारण चौदा बाया पॉझिटिव्ह निघाल्या, एचपीव्ही तपासणीत दहा, पॅपमध्ये सात. यातल्या फार थोड्यांना कॅन्सर असतो. पण पुढची तपासणी मात्र सगळ्यांनाच लागते. म्हणजे तुम्ही एका दिवशी पन्नास बाया तपासल्या, तर सहा-सात जणींना तालुक्याला किंवा जिल्ह्याला न्यायची तयारी हवी. तेवढी नसेल तर पंचवीसच बोलवा. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट आहे, त्यामुळं भाड्याचा प्रश्न पूर्वीइतका अडत नाही. अडतं ते सोबतीवाचून. एकटी बाई सिव्हिलच्या खिडकीवर चिठ्ठी घेऊन उभी राहत नाही, माघारी येते. म्हणून सोबत जाणाऱ्या दोन-तीन जणींची नावं आत्ताच ठरवा, आणि त्यांच्या रोजगाराचं काय ते गटात आधीच बोला.

२. यादी करा

आशाताईंकडं तीस वर्षांवरच्या माणसांच्या नोंदी असतात, त्यावरून सुरुवात करा. पण यादीतून कायम सुटणाऱ्या बाया शोधणं हे तुमचं काम: विधवा, टाकलेल्या, तांड्यावरच्या, वस्तीवर राहणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात सालगड्याच्या जोडीनं असणाऱ्या. तांड्यावर जाताना तिथलीच एखादी बाई सोबत घ्या. गोरमाटीतून, म्हणजे बंजारा बोलीतून सांगितलेलं आणि मराठीतून सांगितलेलं, ऐकणाऱ्या म्हातारीच्या चेहऱ्यावरच फरक दिसतो.

यादीत तीन रकाने वेगळे ठेवा. पहिला, जिला त्रास आहे तिचा. अंगावरून वास येणारं पांढरं जातं, संबंधानंतर लाल दिसतं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, असं काही असेल तर तिला शिबिराच्या रांगेत उभं करू नका. शिबिराची वाटही बघू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडं न्या. दुसरा, जिची पिशवी काढलेली आहे तिचा. तिचे कागद बघायला सांगा. मुखासकट पिशवी काढली असेल आणि कारण कॅन्सरचं किंवा पेशींतल्या बदलाचं नसेल तर सहसा ही तपासणी लागत नाही, पण मुख ठेवलं असेल तर लागते. तिसरा, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या. त्यांचं नंतर.

एचआयव्ही असलेल्या बायांना पंचविशीपासूनच आणि जास्त वेळा तपासणी लागते. त्यांची नोंद गावच्या यादीत करू नका. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातून त्यांना सांगितलं जाईल, एवढं बघा.

३. दिवस निवडताना ऊस आणि सोयाबीन आठवा

जानेवारी हा या कॅन्सरच्या जागृतीचा महिना म्हणून जगभर पाळतात. आपल्याकडं तेव्हा संक्रांत असते, रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालतं, बाया आयत्या जमतात. माहिती सांगायला ही संधी सोडू नका. पण दोन गोष्टी डोक्यात असू द्या. हळदी-कुंकवाला विधवांना बोलवत नाहीत, आणि पन्नाशीच्या पुढच्या विधवा बाईलाच या कॅन्सरची भीती जास्त असते. तेव्हा एक तर सरळ सगळ्यांना वाण द्यायचं ठरवा, काही गावांनी तसं केलंय. ते जमणार नसेल तर बैठक वेगळी घ्या.

दुसरी गोष्ट, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, जालन्यातल्या हजारो बाया जानेवारीत गावात नसतातच. दसरा-दिवाळीला कोयता उचलून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात, ती येतात पाडव्याच्या आसपास. सप्टेंबरअखेर तपासणी केली, संशय आला आणि सिव्हिलची तारीख नोव्हेंबरची मिळाली, तर ती बाई तेव्हा फडात असते. तिथून एक दिवस यायचं म्हटलं तरी खाडा पडतो, मुकादमाची उचल डोक्यावर असते. ती येत नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थही नाही. म्हणून ऊसतोडीच्या गावात तपासणी पाडवा ते पेरणी या काळात करा आणि पुढची तपासणी, उपचार सगळं पोळ्याच्या आत उरकेल असं बघा. साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की तुमची यादी मोडलीच म्हणून समजा.

ऊसतोड नसलेल्या गावात खुरपणी झाल्यावरचा, सोयाबीन काढणीच्या आधीचा काळ बरा. बाजाराचा वार, रमजान, नवरात्रातले घट, वेळ अमावास्या हे टाळा. पाळीच्या दिवसांत तपासणी होत नाही, तेव्हा एकच दिवस ठेवला तर कुणाची ना कुणाची पाळी येणारच. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन दिवस ठेवा.

४. बोलायचं कसं

इथं घाई करू नका. गावातली भीती कॅन्सरची आहे असं आपल्याला वाटतं, पण आपल्या भागात त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. ‘तपासायला गेलं की पिशवी काढायला सांगत्यात.’ ही उगाच पसरलेली अफवा नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये पुढं आलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. ज्या बाईच्या जावेला, बहिणीला हे सोसावं लागलं तिच्यापुढं तुम्ही पुन्हा कॅन्सर हाच शब्द घेऊन जाणार आहात. ती मागं सरकली तर नवल नाही.

म्हणून बैठकीत पहिलं वाक्य हेच असू द्या की ही तपासणी पिशवी वाचवण्यासाठी आहे. मुखावर बदल दिसला तर तेवढीच जागा गरम उपकरणानं जाळतात किंवा गोठवतात, पिशवी जागेवर राहते, बाई त्याच दिवशी घरी येते. नुसतं पांढरं जातं म्हणून किंवा मुखाला ‘जखम’, ‘सूज’ आहे म्हणून पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर सही करण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. हे ठणकावून सांगा. सांगणाऱ्यावर विश्वास बसतो तो इथं.

दुसरी अडचण विषाणूच्या वाटेची. संबंधातून लागतो म्हटलं की बायांच्या डोळ्यांत लगेच प्रश्न उभा राहतो: कुणाकडून? आणि घरी गेल्यावर नवऱ्याच्या तोंडी: तुला कसा लागला? तुमच्या एका अर्धवट वाक्यानं कुणाच्या पाठीवर काठी पडू शकते. तेव्हा हा भाग असा सांगा: ‘लग्न झालेल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या अंगात हा विषाणू कधीतरी येऊन जातो, बाईच्याही आणि गड्याच्याही. वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो. त्यावरून कुणाची चालचलणूक कळत नाही.’ गावापुढं बोलताना विषाणूचं नाव घ्या, वाट एका वाक्यात सांगा, आणि तिथं रेंगाळू नका. बाकीचे प्रश्न बाया एकट्यानं येऊन विचारतील.

नेहमी कानावर पडणारी वाक्यं आणि मी देते ती उत्तरं खाली देते. पाठ करू नका, तुमच्या बोलीत बसवा.

‘मला तर काहीच होईना गं माय, उगं कशाला तपासायचं?’ — होत नाही तेव्हाच तर तपासायचं, मावशी. त्रास सुरू झाल्यावर करतात त्याला उपचार म्हणतात.

‘माझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आता कशाला?’ — पाळी गेली म्हणून मुख जात नाही, काकू. मात्र आत गेल्यावर सिस्टरला हे आधी सांगा. पाळी गेल्यावर मुखाचा जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो आणि व्हीआयएवर भरवसा ठेवता येत नाही, पॅप किंवा एचपीव्ही तपासणी करावी लागते.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणं.’ — पसरत नाही, आक्का. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का नाही हेच डॉक्टरला सांगता येत नाही.

‘सासूबाईंना विचारावं लागंल.’ — इथं बाईशी वाद घालू नका. सासूलाच तपासणीला बोलवा. सासू पन्नाशीची असते, तिलाही गरज असते, आणि ती आली की सून आपोआप येते.

पुरुषांची बैठक वेगळी घ्या, पारावर किंवा ग्रामपंचायतीत, आणि शक्यतो एखाद्या पुरुष डॉक्टरांना बोलवा. त्यांना तीनच गोष्टी सांगायच्या: संशयाला जागा नाही, उपचार झाला तर साधारण महिनाभर संबंध ठेवायचा नाही, आणि दवाखान्याच्या दिवशी धारा तुम्ही काढायच्या.

लहान वयात लग्न आणि लवकर, लागोपाठ बाळंतपणं यांनी धोका वाढतो, हेही बोला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पण बैठकीत बसलेल्या बाईचं लग्न चौदाव्या वर्षी कुणी लावून दिलं, त्यात तिचा काय दोष? आकडा सांगायचाच तर तो ग्रामसभेत सांगा.

५. तपासणीचा दिवस

आदल्या दोन दिवसांत संबंध नको, योनीत औषधाची गोळी किंवा मलम नको, आतून धुणं नको. एरवी उपाशी राहायची गरज नाही. सैल परकर घालून यायचं आणि आत जाण्याआधी लघवीला जाऊन यायचं. ज्या ठिकाणी तपासणी आहे तिथलं शौचालय आदल्या दिवशी जाऊन बघा. कडी लागते का, पाणी आहे का. पडदा, दिव्याची सोय, तपासायचं टेबल बघायला केंद्रातली मंडळी असतात, पण दार उघडलं की बाहेरच्या रांगेतून आतलं दिसतं का, हे तुम्हीच उभं राहून तपासा.

आत काय होतं ते बायांना आधी सांगायला हवं. ऐनवेळी घाबरून उठून गेलेली बाई पुन्हा येत नाही. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे. सिस्टर बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण आत हळूच बसवतात, म्हणजे मुख डोळ्यांनी दिसतं. अंग सैल सोडलं, तोंडानं श्वास घेतला तर दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. मग ॲसिटिक आम्लाचं पातळ द्रावण, तीन ते पाच टक्क्यांचं, कापसानं मुखावर लावतात. थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबून बघतात. पेशी बदलल्या असतील तिथं पांढरा डाग उठतो. संपलं. जेमतेम पाच-सात मिनिटांचं काम, आणि निकाल तिथल्या तिथं.

पॅपमध्ये मुखावरच्या पेशी ब्रशनं घेऊन काचेवर लावून प्रयोगशाळेत पाठवतात, एचपीव्ही तपासणीत नमुना विषाणूसाठी बघतात. दोन्हींचा निकाल यायला दिवस लागतात. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतःही घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिलेली आहे. लाजेपायी न येणाऱ्या बायांसाठी यासारखी दुसरी सोय नाही. तुमच्या जिल्ह्यात कुणी संस्था किंवा रुग्णालय ती देत असेल तर तीच घ्या. नसेल तर व्हीआयए घ्या, अडून बसू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या व्हीआयएनं या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दिसलं होतं. करणारे हात शिकलेले हवेत, एवढीच अट.

निकाल सांगताना चारचौघींत पुकारा नको. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारून हातात दिला की चहाच्या टेबलापर्यंत सगळ्या गावाला कळतं. प्रत्येक बाईला एकसारखं बंद पाकीट द्या आणि प्रत्येकीला आत एकटीला बसवून बोला, निकाल चांगला असला तरी.

त्याच बैठकीत तोंडही तपासून घ्या. आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या बाया पुष्कळ, आणि तोंडाचा कॅन्सर तर नुसता बॅटरी धरून दिसतो.

६. पॉझिटिव्ह आलेल्या बाईसोबत

तिला पहिल्यांदा सांगायचं: हा कॅन्सरचा निकाल नाही. मग तारीख, वार, एसटीची वेळ आणि सोबत येणारीचं नाव. ‘जाऊन या’ असं नुसतं सांगायचं नाही. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन निघायचं, मूळ आणि झेरॉक्स. मोबाइल नंबर नवऱ्याचा लिहिलेला असेल तर तिला विचारून मगच त्यावर फोन करा.

दवाखान्यात दुर्बिणीतून बघतात, गरज वाटली तर तुकडा घेतात. पेशींतला बदल असेल तर बहुतेकदा त्याच फेरीत किंवा पुढच्या फेरीत उपचार होतो. घरी आल्यावर काही आठवडे पाण्यासारखं अंगावरून जातं, हे आधी सांगितलं नाही तर बाया घाबरतात. ताप आला, वास मारायला लागला, जास्त रक्त गेलं तर लगेच परत न्यायचं. वर्षभरानं पुन्हा तपासायचं.

एखादीला कॅन्सरच निघाला तर? लवकरचा असेल तर शस्त्रक्रियेनं किंवा रेडिएशननं बरा होतो. पुढं गेलेला असेल तर रेडिएशन आणि केमो, म्हणजे पाच-सहा आठवडे रोज दवाखाना. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च मिळतो, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर सुरुवातीलाच जायचं. पण उपचार मध्येच सुटतात ते बहुतेकदा दुसऱ्याच कारणानं. शेरडं कोण बघणार, पोरीची दहावी, सोयाबीन काढायला आलेलं. गटानं इथं उभं राहावं. एक महिना शेजारच्या दोन घरांनी भाकरी वाटून घेतली तर रेडिएशन पुरं होतं, आणि अर्धवट सोडलेलं रेडिएशन फार महागात पडतं.

७. लस

एचपीव्हीवरची लस मुलींसाठी. संबंध सुरू होण्याआधी दिली तर उत्तम काम करते, म्हणून वय ९ ते १४. या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. पंधरा आणि पुढच्या वयात तीन डोस द्यायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये वीस वर्षांपर्यंत एक डोसही चालेल असं म्हटलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतात बनलेली लस २०२३ पासून मिळते. सरकारी केंद्रात सध्या कोणत्या वयाला, कधी मिळते ते उपकेंद्रातल्या एएनएमताईंना, म्हणजे आरोग्यसेविकेला विचारून घ्या आणि तेवढंच गावात सांगा. खाजगीत घ्यायची तर पैसे पडतात.

लसीनं मूल होत नाही, ही अफवा तुमच्याकडं पोहोचेलच. तसा पुरावा नाही. शाळेत पालकांच्या बैठकीत आधी आयांशी बोला, मुलींशी बाईंनी बोलावं, आणि लस टोचलेल्या मुलीला अर्धा तास बसवून ठेवावं, कारण या वयात सुई बघूनच काही जणींना चक्कर येते आणि एक पडली की वर्ग घाबरतो. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागणारच, कारण लस सगळ्या प्रकारांवर नाही.

८. वही

प्रत्येक बाईसाठी एक ओळ: नाव, वय, तपासणी कोणती, तारीख, निकाल, पुढं कुठं नेलं, उपचार झाला का, पुन्हा कधी. निकाल चांगला आलेल्यांना सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांनी पुन्हा बोलवायचं असतं. त्या पानावर पुढचं साल आत्ताच लिहून ठेवा. ही वही ग्रामपंचायतीच्या टेबलावर पडून राहता कामा नये. कुलपात ठेवा, आणि किल्ली आशाताई आणि तुम्ही अशा दोघींकडंच असू द्या.

पहिल्या वर्षी यादीतल्या निम्म्या बाया आल्या तरी पुष्कळ झालं. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं वेगळ्या पानावर काढा. पुढच्या पाडव्याला त्यांच्याकडं तुम्ही जाऊ नका, तपासणी करून आलेली त्यांच्याच गल्लीतली बाई पाठवा.